यूथचं टंच

गेल्या दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस आमच्या गल्लीतल्या पाच-सहा जणांनी मला निबंधस्पर्धेचा परीक्षक केलं. 'केलं' म्हणायचं कारण, मला कोणी विचारलं नाही. बेल वाजली, मी दार उघडलं, तोवर कागदांचा गठ्ठा आणि पेढ्यांचा अर्धा पुडा टीपॉयवर पोचलासुद्धा होता. उरलेला अर्धा वाटेत खर्ची पडला असावा. निबंधाचा विषय होता, 'आजचा यूथ आणि उद्याचा भारत'.

यातला उद्याचा भारत माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. चौतीस वर्षं मास्तरकी केली, दर सहामाहीला तो यायचा. त्यात शेताला पाणी असायचं, प्रत्येक हाताला काम असायचं आणि शुद्धलेखनाच्या सतरा चुका असायच्या. पण 'आजचा यूथ' हे गृहस्थ मला नवे होते. आमच्या वेळी त्या जागी 'आजचा तरुण' असे आणि तो बहुधा 'दिशाहीन' असे.

"यूथ म्हणजे नक्की कोण रे?" मी विचारलं.

"म्हणजे आम्हीच की, सर."

मी चष्मा लावून पाहिलं. त्यातला एक जण नववीत होता आणि दुसऱ्या एकाचा मुलगा नववीत होता.

आता, विट्याच्या माणसाला एक खोड असते. समोर काही चकाकलं की त्याला त्याचं टंच काढावंसं वाटतं. यात त्याचा दोष नाही. आमच्या खानापूर-आटपाडीकडच्या गावागावांतून माणसं उठली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सोन्या-चांदीच्या गलाईची दुकानं थाटून बसली. सोनारानं आणलेलं जुनं, डागाचं, भेसळीचं सोनं गाळायचं आणि शुद्ध करून द्यायचं, हा धंदा. टंच म्हणजे शंभरात खरं सोनं किती, तो आकडा. आणि शुद्धीची रीत मोठी गमतीची आहे. सोनं शुद्ध करायचं, तर आधी त्यात अडीच-तीन पट चांदी घालून आटवतात. म्हणजे सुरुवातच भेसळीनं! मग ते तेजाबात उकळतात. तांबूस धूर निघतो, चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि तळाशी तपकिरी चिखलासारखं काहीतरी उरतं. ज्याला माहीत नाही तो ते मोरीत ओतून मोकळा होईल. पण तेच सोनं.

तर म्हटलं, निबंध वाचण्याआधी या शब्दाचंच टंच काढू.

पहिला नमुना रस्त्यावरून घेतला. एस.टी. स्टँडपासून माझं घर पाऊण किलोमीटर. तेवढ्या अंतरात मला यूथ सात ठिकाणी भेटला. सातही फ्लेक्सवर. (२०२१ साली एक लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहरांत विटा स्वच्छतेत देशात पहिलं आलं. तेव्हापासून आम्ही रस्त्याकडं बघून चालतो, वर बघत नाही, म्हणून इतके दिवस हे माझ्या नजरेतून सुटलं असावं.) कुठं 'यूथ फाउंडेशन' होतं, कुठं 'यूथ आयकॉन', कुठं 'यूथचा बुलंद आवाज'. लिहिण्यातही एकमत नाही. यूथ ऱ्हस्व होता, दीर्घ होता, आणि एका ठिकाणी घाईत 'यूध' झाला होता. तिथं फोटोतल्या सगळ्यांचे चेहरे पाहता तो 'युद्ध'च असावा अशी माझी समजूत झाली.

आमच्या शाळेत संस्कृतचे एक जुने मास्तर होते. निवृत्त होऊनही त्यांची विभक्ती सुटलेली नाही. त्यांना मी भीतभीत विचारलं, "यूथ हा शब्द कसा वाटतो?"

"उत्तम," ते म्हणाले. "यूथ म्हणजे कळप. गजयूथ म्हणजे हत्तींचा कळप. रामायणात वानरसेनेतल्या एकेका टोळीप्रमुखाला यूथप म्हटलंय. का बरं विचारता?"

मी काही बोललो नाही. पण परत येताना तोच फ्लेक्स पुन्हा पाहिला. मधे एक मोठा चेहरा, काळा गॉगल, हात जोडलेले. खाली चाळीस लहान चेहरे, चाळीस गॉगल. मधला तो यूथप आणि खालचं ते यूथ. फ्लेक्स छापणाऱ्या पोराला संस्कृत येत नसताना त्यानं शब्द किती नेमका वापरला होता! मराठी माणूस इंग्रजी चुकला तरी संस्कृतात बरोबर निघतो, तो असा.

बरं, इंग्रजी यूथसुद्धा काही परका नाही. आपला 'युवन्', लॅटिनातला 'युवेनिस' आणि इंग्रजांचे 'यंग' न् 'यूथ' ही सगळी एकाच मुळाची भावंडं, असं भाषाशास्त्रवाले सांगतात. म्हणजे आपल्याच घरातली आत्या कधीकाळी तिकडं दिली होती. तिची नातवंडं गॉगल घालून आजोळी आली आहेत, इतकंच. त्यांना हाकलून द्या असं म्हणणारा मी नव्हे. माझी तक्रार दुसरीच आहे. आजोळी आलेला पाहुणा चार दिवस कौतुकाचा असतो. हा घरातल्या सगळ्यांच्या पाटांवर बसतो.

कारण मराठीत तरुण माणसाला जागा किती आहेत बघा! वर्तमानपत्र उघडा. मोटारसायकलवरून पडतो किंवा पोलीस धरतात, तो 'युवक'. विहिरीत बुडतो किंवा प्रेमात पडतो, तो 'तरुण'. भाषण करतो, तो 'युवा नेता', मग केस काळे करायला त्याला दर पंधरवड्याला न्हाव्याकडं जावं लागो. एकतीस डिसेंबरला नाचते ती 'तरुणाई'. सरहद्दीवर उभा असतो तो 'जवान', पंचेचाळिशीचा असला तरी. आखाड्यात उतरतो तो 'तरणाबांड'. आणि 'तरणाताठा' हा शब्द मी आयुष्यात फक्त दारासमोर माणसं जमलेली असताना ऐकला आहे. "तरणाताठा पोरगा गेला हो!" जिवंतपणी त्याला कोणी तरणाताठा म्हणत नाही. तेव्हा तो 'टोणगा' असतो.

इंग्रजांनीही असा भेद ठेवलाय, पण त्यांचं सगळं एका अक्षरावर भागतं. 'ए यूथ' म्हटलं की बातमी बहुधा पोलीस चौकीतून आलेली असते. 'द यूथ' म्हटलं की ती राष्ट्राची आशा. आमच्या फ्लेक्सवाल्यांनी नेमकी ती दोन अक्षरं वाटेत सांडली. आता हा कोणता यूथ, आशेचा की चौकीचा, हे फोटो पाहूनच ठरवावं लागतं, आणि फोटोत गॉगल असतो.

पावसालासुद्धा आमच्याकडं वय आहे. पुनर्वसू नक्षत्राचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तरणा लागतो आणि चौदा दिवसांत म्हातारा होतो. दुष्काळी तालुका आमचा. टेंभूचं पाणी यायच्या आधी या दोघांवरच वर्ष काढायचं. तरणा कोरडा गेला की आई आभाळाकडं बघून म्हणायची, "तरण्यानं तोंड फिरवलं, आता म्हाताऱ्याचाच आधार." तारुण्य चौदा दिवसांचं असतं आणि त्याचाही भरवसा नसतो, हे ज्ञान आम्हाला वर्गात यायच्या आधीच झालेलं होतं.

सरकारनं मात्र जास्त दिवस दिले आहेत. किती, ते कोणत्या कागदावर बोट ठेवाल त्यावर आहे. संयुक्त राष्ट्रसंघानं १९८५ हे युवा वर्ष पाळलं, तेव्हापासून त्यांच्या लेखी यूथ पंधरा ते चोवीसचा. आपल्याकडं २००३ च्या राष्ट्रीय धोरणात तो तेरा ते पस्तीसचा होता. पुढं २०१४ च्या धोरणात तो पंधरा ते एकोणतीस झाला. म्हणजे एका कागदानं देशातल्या समस्त तिशीपुढच्यांचं तारुण्य काढून घेतलं, आणि कुठं साधा मोर्चा निघाला नाही! आपण १२ जानेवारी हा विवेकानंदांचा जन्मदिवस युवा दिन म्हणून पाळतो. शिकागोच्या परिषदेत ते बोलले १८९३ साली. जन्म १८६३ चा. म्हणजे तेव्हा त्यांना तीस पुरी झालेली होती. २०१४ च्या हिशेबानं स्वामीजी यूथमध्ये बसत नाहीत. ज्ञानेश्वर मात्र थोडक्यात बसतात.

उलट माझे एक स्नेही निवृत्तीनंतर यूथ हॉस्टेलचे सभासद झाले. मुळात ही हॉस्टेलं शाळेच्या पोरांसाठी. जर्मनीतल्या रिचर्ड शिरमान नावाच्या एका मास्तराला १९०९ साली सहलीत पावसात अडकल्यावर सुचलेली कल्पना. आमचे स्नेही गुडघ्याला पट्टा बांधून हिमालयात जाऊन आले. आल्यावर आठ दिवस ते सगळ्यांना कार्ड दाखवत होते. आणि बेळगावचा 'तरुण भारत' १९१९ चा. शंभरी उलटली तरी नाव तेच. तेव्हा वयाचा आणि या शब्दाचा संबंध असलाच तर दूरचा.

मग संबंध कशाशी? याचं उत्तर मला हिच्याकडून मिळालं. मी सातही फ्लेक्सचा हिशेब मोठ्यानं सांगत होतो. एकूण चेहरे एकशे बारा.

"त्यात बायका किती?" हिनं भाजी निवडतानाच विचारलं.

मी आठवून सांगितलं, "दोन. जिजाऊ आणि सावित्रीबाई."

"म्हणजे आमच्यात यूथ नसतंच म्हणा की." आणि देठं टाकायला ती आत गेली.

खरंच होतं. माझी आई तेराव्या वर्षी या घरात आली. आदल्या दिवशी ती पोर होती, दुसऱ्या दिवशी सून. 'तरणी' हा शब्द तिच्या कानावर पडलाच असेल तर धाकात, "तरणीताठी सून अशी दारात उभी राहती?" म्हणून. तेरा ते पस्तीसच्या त्या बावीस वर्षांत तिला पाच बाळंतपणं झाली. त्यात यूथ कुठं बसवायचं?

एवढं झाल्यावर मी निबंधांकडं वळलो. एकेचाळीस होते. समीक्षक म्हणून मला त्यांच्याविषयी जे म्हणायचं आहे ते थोडक्यात सांगतो. त्यात यूथ जागा होतो. यूथ पेटून उठतो. यूथ व्यसनांच्या विळख्यात सापडतो आणि दुसऱ्या परिच्छेदात त्यातून सुटतो. यूथ ही पॉवर असते, यूथ हा कणा असतो, एका निबंधात तर तो 'देशाचा कच्चा माल' होता. पण एकेचाळीस निबंधांत यूथ एकदाही भाकरी खात नाही. त्याला बहीण नसते. त्याची मागावरची पाळी चुकत नाही, त्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन राहिलेलं नसतं, मुलीकडच्यांनी 'नोकरी काय?' विचारून त्याला परत पाठवलेलं नसतं. आता ही शेवटची गोष्ट आमच्या भागात घराघरात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सोलापुरात लग्न न जमणारे तरुण बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेले होते. हसावं की डोळे पुसावे ते कळेना अशी ती मिरवणूक. ती कोणाच्याच निबंधात नव्हती. कारण ते सगळे तरणे होते, यूथ नव्हते. 'यूथ' लिहिलं की लेखणी माणसावरून घसरून भाषणावर जाते. त्यात तेजाब ओतलं तर तळाशी फार काही उरत नाही. टंच मी तेव्हा शेकडा चार धरलं होतं.

एक निबंध मात्र दीड पानाचाच होता. अक्षर वाईट. सुरुवात अशी होती की, आमच्या घरात यूथ कोणी झाले नाही. वडील पंधराव्या वर्षी गलाईवर गेले. त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, दुकानात आधी मी पोरगा होतो, मग मालक गावी गेला तेव्हा मी मालक झालो. पुढं धुराचं, खोकल्याचं आणि दिवाळीला गावी येताना आणलेल्या पिशवीचं थोडं वर्णन होतं. 'यूथ' हा शब्द एकदाच आला होता, तोही ऱ्हस्व. उद्याचा भारत अजिबात नव्हता.

मी त्याला उत्तेजनार्थ दिलं. बाजूला लाल शाईनं लिहिलं, 'विषयांतर'. चौतीस वर्षांची सवय हातात असते, डोक्यापर्यंत जावं लागत नाही. पहिला नंबर 'कच्चा माल'वाल्याला गेला. त्याचं अक्षर चांगलं होतं.

गठ्ठा परत दिला त्या रात्री झोप येईना. त्याचं कारण आमचा दादा.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. १९६२ साली, पंधराव्या वर्षी, गावातल्या एका गलाईवाल्याच्या मागं तो मिरजेहून रेल्वेत बसला आणि मद्रास राज्यात सेलमला उतरला. त्या वर्षी आमचा जिल्हा दक्षिण साताऱ्याचा सांगली होऊन दोनच वर्षं झाली होती. वडील पत्रावर अजून 'जिल्हा सातारा'च लिहीत, त्यामुळं दादाची पहिली दोन पत्रं कुठं कुठं हिंडून आली. सेलमला त्याला सगळे 'पय्यन' म्हणत. पय्यन म्हणजे पोरगा. पय्यन झाडू मार, पय्यन भट्टी पेटव, पय्यन तेजाबाची बरणी धर. आणि एका वर्षी गावी आला तेव्हा म्हणाला, "आता मला 'सेट्टु' म्हंत्यात." सेट्टु म्हणजे शेठ. मधला शब्दच नाही. पय्यनवरून गाडी सुटली ती थेट सेट्टुला थांबली. मधलं स्टेशन त्या रुळावर नव्हतंच.

ते मधलं स्टेशन मला मिळालं. दादाची मनीऑर्डर यायची, महिन्याला पंचवीस रुपये, म्हणून मी इथं विट्यात बळवंत कॉलेजात गेलो. गॅदरिंग केलं, नाटकात काम केलं, वसतिगृहातल्या मित्रांबरोबर पहाटेपर्यंत देशाची चिंता केली. बहात्तरच्या दुष्काळात गावातली माझ्या वयाची पोरं खडी फोडायला जात होती तेव्हा मी त्यांच्यावर एक कविता लिहिली. आणि एका मनीऑर्डरीची मी बेलबॉटम शिवली. कुपनावर दादानं लिहिलं होतं, 'पुस्तके घेणे'. हे मी आजवर घरात सांगितलेलं नाही. ती आता वाचील.

दसऱ्याला दादा गावी आला. कुठंही असला तरी दसऱ्याला येतोच. त्या दिवशी आमच्याकडं रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत असते आणि ती चुकवणारा माणूस विट्याचा नव्हे. आता तो पंच्याहत्तरीच्या पुढं गेलाय. केस गेले, खोकला राहिला. आम्ही दोघं पालखीच्या वाटेवर जागा धरून उभे होतो. समोर नवाकोरा फ्लेक्स. त्यात तिसऱ्या ओळीत, डावीकडून चौथा, त्याचाच नातू. गॉगल लावून.

"ह्यो आपला बंट्याच न्हवं?" दादानं डोळ्यांवर हात धरला. "त्येच्यावर काय लिवलंय रं?"

"यूथ."

"म्हंजी?"

"तरणी पोरं. तरणेपण."

"आसं व्हय." तो थोडा वेळ फ्लेक्सकडं बघत राहिला. मग त्याच सुरात विचारलं, "आन मी कवा हुतो रं त्यातला?"

मी मास्तर माणूस. हिशेब तोंडावर असतो. १९६२ ला पंधरा, २००३ च्या धोरणानं धरलं तर ब्याऐंशीपर्यंत. पण तोंडातून आकडा निघेना.

"तवा ही पद्धत नव्हती, दादा," मी म्हटलं.

"मंग ठीक हाय." तो हसला, आणि हसण्यातून खोकला सुरू झाला तो बराच वेळ थांबेना. मी पाठीवर हात फिरवला. दम आल्यावर त्यानं पुन्हा फ्लेक्सकडं मान वळवली. "केवड्याला पडतो ह्यो?"

"फुटावर असतं. असेल हजार-दीड हजार."

"हजार," तो म्हणाला. ओठ हलत होते. चाळीस महिने, पंचवीस रुपयांनी. मला ते ऐकू आलं नाही, पण मी ते बघितलं.

तेवढ्यात लांबून गलका झाला. पालख्या निघाल्या होत्या. गर्दी एकदम पुढं रेटली. दादानं पायांतल्या चपला काढल्या, काही न बोलता माझ्या हातात दिल्या, धोतराचा सोगा खोचला आणि "चांगभलं!" करून पोरांच्या लोंढ्यात घुसला. "दादा, अरे दमा!" मी ओरडलो. कोण ऐकतंय! गुलालात पांढरी टोपी थोडा वेळ दिसली, मग तीही दिसेना. मी त्याच्या चपला घेऊन फ्लेक्सच्या खांबाला धरून उभा राहिलो, पालख्या जाईपर्यंत.